डाव्या हाताची बाही

माझी जीभ तिखट आहे, हे सुरुचीला लग्नाच्या दुसऱ्या दिवशी कळलं आणि मेलबर्नच्या टार्निट उपनगरातल्या आमच्या अख्ख्या गल्लीला पहिल्या महिन्यात. रांगेत कुणी मध्ये घुसलं की माझं डोकं फिरतं. कचऱ्याची बिन उचलली नाही की कौन्सिलला ईमेल. "तुमचं नाव सांगा, कम्प्लेंट करतो," हे माझं ठरलेलं वाक्य. सवय पुण्याची, पण मेलबर्नमध्ये चालून गेली. इथे तक्रार केली की कुणीतरी सॉरी म्हणतं हो!

गेल्या महिन्यात कामासाठी अम्मानला गेलो. ऑफिसातला माझा मित्र नाएल म्हणाला, "मेट, तिथून पलीकडे वेस्ट बँकमध्ये माझे बाबा आहेत. त्यांची औषधं नेशील का? मला आत सोडत नाहीत." काम आटोपून गेलो. गावाचं नाव सांगत नाही, तिथे अजून ती माणसं राहतात.

अबू नाएल, म्हणजे त्याचे बाबा, अडुसष्ट वर्षांचे शिंपी. पहिल्याच सकाळी इस्रायली सैनिकांनी त्यांच्या गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीत गोळ्या घातल्या. उगाच, जाता जाता. त्यांनी भोकांत लाकडाच्या खुंट्या ठोकल्या, हात पुसले आणि माझ्या शर्टाचं माप घेतलं. नको म्हटलं तरी ऐकेनात. दुसऱ्या दिवशी शेजाऱ्याचं दार उडवलं आणि त्याला केसांना धरून फरफटत नेलं. अर्ध्या तासाने त्याची बायको काचा झाडत होती. आणि अबू नाएल कापड बेतत होते.

तिसऱ्या दिवशी बटणं आणायला आम्ही दोघं शहराकडे निघालो. वाटेत चेकपोस्ट. तीन तास उन्हात रांगेत उभे, आणि समोर सैनिक चहा पीत गप्पा मारतायत. माझं डोकं फिरलं. अबू नाएल मला मागे ओढत होते, ओठांवर बोट ठेवत होते. ऐकेन तर शपथ! तरातरा पुढे गेलो आणि एकाला म्हटलं, "तुझं नाव सांग. कम्प्लेंट करणार आहे मी."

तो पंचविशीचा असेल. त्याने माझा ऑस्ट्रेलियन पासपोर्ट चाळला, नीट मिटून परत दिला.

"पाहुणा कुणाचा तू?" त्याने विचारलं.

मी बोट दाखवलं. मी, माझ्या या हाताने!

त्यांनी अबू नाएलना खेचलं, त्यांचा उजवा हात सिमेंटच्या ठोकळ्यावर दाबून धरला आणि बंदुकीचा दस्ता हाणला. तीनदा. पहिल्या घावाला म्हातारा ओरडला, दुसऱ्याला गुडघ्यांवर कोसळला, तिसऱ्याला नुसता हाडांचा आवाज आला. रक्त माझ्या बुटांवर उडालं.

"झाली तुझी कम्प्लेंट नोंद," सैनिक मला म्हणाला.

दवाखान्यातून अबू नाएलनी मुलाला फोन केला. डॉक्टरांनी मला नंतर सांगितलं, ते म्हणत होते, "सैनिकाशी मीच भांडलो. पाहुण्याने सोडवलं मला." घरी आलेल्या पाहुण्यावर दोष येऊ द्यायचा नाही म्हणे. आणि मीही तो माझ्यावर येऊ दिला नाही! जिथे गप्प बसायचं तिथे बोललो, बोलायचं तिथे मूग गिळले. लाज वाटते सांगायला.

सहाव्या दिवशी निघताना त्यांनी शर्ट हातात ठेवला. एक बाही आधीची, मशीनवरची. दुसरी हातशिलाईची, वेडेवाकडे टाके.

काल, शनिवारी, पॉइंट कुकला नाएलकडे बार्बेक्यू होता. मी तोच शर्ट घातला.

"आज सांगणार आहेस ना?" गाडीत सुरुची म्हणाली. "नाहीतर मी सांगेन."

वीस-पंचवीस माणसं होती. नाएलने माझ्या खांद्यावर हात टाकला. "हा माणूस बंदुकीसमोर उभा राहिला! आणि माझा बाप? त्याच्या जिभेला कधी हाडच नव्हतं. त्या तोंडापायी हात घालवून बसलाय. तीन आठवडे झाले, मी त्याचा फोन घेत नाही. भोगू दे."

टाळ्या पडल्या. मी हातातली प्लेट खाली ठेवली.

"नाएल, भांडलो मी," मी म्हणालो. "बोटही मीच दाखवलं. ते गप्प होते रे. मलाही गप्प करत होते."

तो आधी हसला. मग त्याने मला कुंपणावर आदळलं आणि तोंडावर ठोसा हाणला. दात ओठात घुसला. त्याने खांद्याला धरून परत खेचलं आणि टर्रकन बाही उसवून त्याच्या हातात आली. सुरुची किंचाळली. नाएलची मूठ वरच राहिली. शिंप्याचा मुलगा तो. बाही उलटी करून टाके बघत राहिला.

"हे कुणी शिवलं?"

"बाबांनी. डाव्या हाताने."

तो गवतावर बसला आणि बाही मांडीवर ठेवून त्याने फोन लावला. पलीकडून आवाज आला तसा तो हमसून हमसून रडायला लागला. मी एका बाहीने तसाच उभा, हनुवटीवरून रक्त गळतंय. बऱ्याच वेळाने त्याने वर न बघता मला विचारलं, "बाबा विचारतायत, बाही काखेत काचत नाही ना?"

"सांग," मी म्हणालो, "अगदी मापात बसलीये."