बुधवारचे फोनसाहेब

मला फोनमधलं काही येत नाही ही गोष्ट आमच्या वस्तीत फक्त मला ठाऊक होती, आणि मी ती कुणाला सांगणार नव्हतो. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तेहतीस वर्षं काढलेला माणूस मी. निवृत्त होऊन चौदा वर्षं झाली, एक्स्चेंजच्या इमारतीत आता गाद्यांचं दुकान आहे, तरी लोक मला अजून 'फोनसाहेब' म्हणतात. मी ज्या फोनांचा साहेब होतो ते गरीब स्वभावाचे होते. एका जागी बसत, वाजायचं तेवढं वाजत, आणि कुणाचा फोटो काढत नसत. पण लोकांना फोन तो फोन. हा फरक समजावून सांगायच्या फंदात मीही कधी पडलो नाही.

भाचीने मला नवा फोन आणून दिला तेव्हा मी त्यातल्या दोनच गोष्टी शिकलो. आकडे दाबून फोन लावायचा आणि वाजला की हिरवं बटण सरकवायचं. तिसरी मी आपणहून शिकायला गेलो, आणि माझ्या नाकपुड्यांचा जवळून काढलेला फोटो आमच्या इमारतीतल्या अठ्ठावीस बिऱ्हाडांना पोचला. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी उत्तरादाखल जोडलेल्या हातांचं चित्र पाठवलं म्हणे. त्यांना वाटलं, कुणीतरी गेलं. तेव्हापासून मी तो फोन नुसत्या हाताने गरम पातेलं उचलावं तसा घाबरत घाबरत उचलायचो.

हेही खपून गेलं असतं, पण अक्काचं काय करायचं? अक्का माझी थोरली बहीण. आई लवकर गेली, मला अक्कानेच वाढवलं. माझं लग्न काही जमलं नाही, त्यामुळे 'घरचं माणूस' म्हणाल तर तीच एक. ती दुसऱ्या गावी लेकीकडे असते. दर रविवारी सकाळी दहाला मी तिला फोन करायचो, बावीस वर्षं, एकही रविवार न चुकवता. अशाच एका रविवारी फोन भाचीने उचलला.

"मामा, आईला आता फोनवर अजिबात ऐकू येत नाही हो. यंत्र लावलं तरी नुसता गोंगाट होतो म्हणते. पण ती मेसेज लिहायला शिकलीय. आता तुम्ही दोघं लिहूनच बोला."

"लिहू की," मी म्हणालो. "त्यात काय मोठंसं!"

त्याच संध्याकाळी माझ्या फोनवरच्या एका हिरव्या चित्राच्या डोक्यावर लाल टिकली उमटली. टिकलीत १ असा आकडा. इमारतीचे मेसेज भाचीने नाकपुड्यांनंतर बंद करून दिले होते, म्हणजे ही अक्काच. दोन दिवसांनी २ झाला, मग ४. अक्का माझ्याशी बोलत होती आणि मी नुसता आकडा बघत होतो. दाबावं म्हटलं की नाकपुड्या आठवायच्या. पुसलं गेलं तर? इमारतभर गेलं तर? मी फोन पुन्हा ड्रॉवरमध्ये ठेवून द्यायचो.

आमच्या वाचनालयात दर बुधवारी चार ते सहा फोन शिकवतात. मासिकांचं लांब टेबल रिकामं करतात. खिडकीकडच्या खुर्च्यांवर शिकवणारे बसतात, दाराकडच्या खुर्च्यांवर शिकणारे. सगळे वस्तीतलेच. मनाचा हिय्या करून मी गेलो. जाताना वाक्य पाठ केलं होतं, 'मला जरा मेसेज वाचायला शिकायचंय.' दारातच ग्रंथपालबाई भेटल्या.

"अगंबाई, फोनसाहेब! तुम्ही स्वतः आलात? मला तर तुम्हाला विचारायचा धीरच होत नव्हता. आज आमचे दोन शिकवणारे आलेच नाहीत. या, या, इकडे बसा."

आणि त्यांनी मला खिडकीकडच्या खुर्चीत बसवलं. पाठ केलेलं वाक्य मी गिळलं. त्यांनी गिळायला लावलं असं म्हणता येईल, पण ते खरं नाही. 'तुम्ही स्वतः' असं मला चौदा वर्षांत कुणी म्हटलं नव्हतं, आणि ते ऐकून माझी कॉलर आपोआप ताठ झाली होती.

समोर चौकातल्या टेलरबाई बसल्या होत्या. शिवून झालेल्या कपड्याचा फोटो गिऱ्हाइकाला कसा पाठवायचा, हे त्यांना हवं होतं. माझी पाचावर धारण बसली. पण टेबलावर ग्रंथपालबाईंनी एक पुठ्ठा उभा केला होता आणि त्यावर ठळक अक्षरांत लिहिलं होतं, 'शिकणाऱ्याच्या फोनला शिकवणाऱ्याने हात लावायचा नाही.' पूर्वी म्हणे शिकवणारे फोन घेऊन चटकन काम करून देत आणि तोच माणूस पुढच्या बुधवारी तोच प्रश्न घेऊन हजर. म्हणून नियम केला, शिकवणाऱ्याने हात पाठीमागे बांधून बसायचं. हा नियम जगात माझ्याइतका कुणाच्या पथ्यावर पडला नसेल.

मी हात मागे बांधले. "हं. काय दिसतंय?"

"कॅमेऱ्याचं चित्र दिसतंय."

"मग? तुम्हाला काय वाटतं?"

"दाबू का? काही बिघडलं तर?"

हा तर माझाच प्रश्न होता! पण खुर्चीला शोभेल असं काहीतरी बोलायला हवं होतं. "बिघडलं तर निस्तरू. दाबा."

वीस मिनिटांत बाईंनी फोटो पाठवला. "गेला की हो!" त्या ओरडल्या. "जाणारच," मी म्हणालो, जणू मीच तो पोचवून आलो होतो.

पुढच्या बुधवारी माझ्यासमोर तिघं होते, त्याच्या पुढच्या बुधवारी रांग. बाकीचे शिकवणारे फार हुशार. ते इतकं भराभर सांगत की माणूस मान हलवून उठायचा आणि पायरीवरच विसरायचा. माझ्याकडे सांगण्यासारखं काही नव्हतंच. 'काय दिसतंय? मग? दाबा,' एवढ्या भांडवलावर मी नळ दुरुस्त करणाऱ्याला नकाशा वाचायला शिकवला आणि निवृत्त मुख्याध्यापकांना दवाखान्याचा नंबर लावायला शिकवलं. मुख्याध्यापक तर म्हणाले, "साहेब, मी चाळीस वर्षं शिकवलं, पण तुमच्याइतकं कमी बोलून नाही." मी डोळे मिटून मान डोलावली.

तुम्ही विचाराल, चार महिने तिथे बसून हा माणूस स्वतः कसा शिकला नाही? अहो, पडदा त्यांच्याकडे असायचा. पुढे वाकून, चष्मा लावून बघावं तर लोकांना कळलं असतं की साहेबांना बघावं लागतं. मी आपला त्यांच्या तोंडाकडे बघायचो. घरी मात्र ड्रॉवर उघडला की टिकलीत १९ असायचे, पुढल्या आठवड्यात २३, आणि माझं स्वतःचं बोट 'दाबा' म्हटलं तरी ऐकायचं नाही.

यावर कडी म्हणून मी आणखी एक पराक्रम केला. भाचीने फोनवर विचारलं, "मामा, आईचे मेसेज वाचत नाही का तुम्ही?" तेव्हा मी म्हणालो, "अगं, वेळच होत नाही. वाचनालयात सगळ्यांना फोन शिकवतो ना मी. मोठी मागणी आहे."

तिने हे कौतुकाने आईला सांगितलं. महिन्याभराने, एका मंगळवारी, तिचा पुन्हा फोन आला. या वेळी आवाजात कौतुक नव्हतं.

"मामा, आई म्हणते, साऱ्या जगाला फोन शिकवतो आणि माझं दोन ओळींचं वाचत नाही, म्हणजे बहिऱ्या बहिणीचा कंटाळा आलाय त्याला. या रविवारपर्यंत वाट बघणार आणि मग लिहिणं बंद. ती रडत नाही हो, पण सारखी फोन उघडून बघते."

मी "अगं, तसं नाही" म्हणालो आणि फोन ड्रॉवरमध्ये ठेवून दिला. त्या रात्री मला स्वतःची जितकी लाज वाटली तितकी नाकपुड्यांच्या वेळीही वाटली नव्हती.

बुधवारी मी फोन खिशात घालून निघालो. ठरवलंच होतं, आज दाराकडच्या खुर्चीत बसायचं. पण माझं नशीब असं की त्याच दिवशी शेजारच्या वस्तीतल्या वाचनालयाच्या एक मॅडम आल्या होत्या. ग्रंथपालबाईंनी ओळख करून दिली, "यांना तुमची पद्धत बघायचीय. तिकडेही असं टेबल सुरू करतायत."

मॅडमनी वही उघडली. "सर, तुम्ही कधीच उत्तर सांगत नाही. फक्त 'काय दिसतंय' विचारता. यामागे काय विचार आहे?"

सवयीने माझ्या तोंडून निघालं, "शिकणाऱ्याला आपलं आपण सापडलं पाहिजे..." आणि मॅडम ते लिहून घेऊ लागल्या. ते वाक्य कागदावर उमटताना बघून माझं मलाच असह्य झालं.

"खोडा ते," मी म्हणालो. "मी विचारतो कारण मला माहीत नसतं. मला यातलं काहीही येत नाही."

सगळं टेबल हसलं. ग्रंथपालबाई मॅडमना म्हणाल्या, "बघा, किती विनय!" मुख्याध्यापकांनी टाळी वाजवली. मी फोन काढून टेबलावर ठेवला. "अहो, खरंच! माझ्या बहिणीचे मेसेज आहेत यात, चार महिन्यांचे. मला उघडता येत नाहीत." तरी लोक हसतच होते. चार महिने खोटं बोललो ते पहिल्या शब्दाला खपलं, आणि आता खरं बोलतोय तर कुणी घ्यायला तयार नाही! माझे डोळे भरून आले तेव्हा कुठे हसू थांबलं.

फक्त टेलरबाई हसल्या नव्हत्या. आता त्याही खिडकीकडच्या बाजूला बसून शिकवत.

"मला दुसऱ्याच बुधवारी कळलं होतं," त्या म्हणाल्या. "तुम्ही फोनकडे कधी बघायचाच नाहीत, माझ्या तोंडाकडे बघायचात. गिऱ्हाइकाला माप कळत नसलं की ते असंच बघतं."

"मग बोलला का नाहीत?"

"माझं काम होत होतं की! तुम्ही सांगत नव्हतात म्हणून तर मी शिकले. जा, त्या बाजूला बसा."

मी दाराकडच्या खुर्चीत बसलो. बाई समोर आल्या, हात मागे बांधले आणि म्हणाल्या, "काय दिसतंय?"

"हिरवं चित्र. त्यावर एकतीस."

"मग?"

मी दाबलं. अक्काचं नाव वर आलं. त्यावर दाबलं, आणि खाली तिची ती सगळी वाक्यं एकाखाली एक उघडली. काही पुसलं गेलं नाही. बाईंनी मान वळवून खिडकीबाहेर बघायला सुरुवात केली, आणि मी पहिल्यापासून वाचू लागलो.

'मी अक्का. पोचलं का.'

'पोचलं तर पोचलं असं लिही.'

'आज गुडघा बरा आहे. तुझा कसा आहे.'

'लेक म्हणते तू लोकांना शिकवतोस. शाबास. लहानपणी पण घड्याळ उघडून बसायचास. परत जोडता यायचं नाही ते सोड.'

'रागावलास का.'

आणि सगळ्यात खाली, कालचा, लांबलचक.

'एक सांगायचं होतं, तोंडाने सांगायचा धीर झाला नाही. आधीचं दीड वर्ष तू फोनवर बोलायचास त्यातलं मला अक्षरही ऐकू यायचं नाही. नुसती घरघर. घरघर थांबली की मी हं म्हणायचे, असं का म्हणायचे. सांगितलं असतं तर तू फोन करणं बंद केलं असतंस. रविवारी दहाला फोन हातात थरथरायचा तेवढंच बरं वाटायचं. मग लेकीने पकडलं. तुला फसवलं म्हणून तू बोलत नसशील तर बरोबर आहे तुझं.'

मला गेल्या वर्षीचा एक रविवार आठवला. न्हाणीघरात घसरून माझं मनगट मोडलं होतं. ते सांगितल्यावर अक्का म्हणाली होती, 'छान झालं, असंच चालू दे.' काय विनोदी बाई आहे आमची अक्का, असं मी महिनाभर लोकांना सांगत फिरलो होतो. आणि मी कोण? लाइनीतली खरखर ऐकून कुठल्या गल्लीत तारेला पाणी लागलंय ते सांगणारा माणूस! माझी बहीण दीड वर्ष पलीकडे नुसता फोन धरून बसली होती, ते मला ओळखता आलं नाही, कारण बोलत सदैव मीच होतो.

मी लिहायला घेतलं. एक एक अक्षर शोधत, तीनदा चुकत. बाई मध्येच "काय दिसतंय?" एवढंच विचारायच्या. अर्ध्या तासाने जे झालं ते असं होतं, 'अक्का मला हे येत नव्हतं. लाज वाटली म्हणून सांगितलं नाही. कंटाळा नाही आला.'

मिनिटभरात उत्तर आलं. तिला येत होतं ना.

'गाढवा. आता त्या दीड वर्षात काय काय बोललास ते सगळं लिहून पाठव.'

मी आठवू लागलो. सत्तरेक रविवार होते. गळका नळ, गुडघा, उकाडा, तिसऱ्या मजल्यावरच्या काकू. मोडलेलं मनगट सोडलं तर एकही गोष्ट अशी आठवेना की जिच्यासाठी फोन करावा. बाईंनी विचारलं, "मग?" पण मला त्यांची मदत नको होती. या वेळी बोट आपणच चाललं.

'विशेष काही नाही. तू हं म्हणायचीस ते ऐकायला फोन करायचो.'