डायनॅमोवर पोलादपूरला

मंजुळा हाटेला ती तीनचाकी सायकल मिळाली एक्याऐंशी सालच्या अपंग वर्षातल्या एका समारंभात, गळ्यात हार घालून आणि फोटो काढून. बसून हाताने मुठी फिरवायच्या, की चेन फिरून गाडी पुढे जाते, अशी ती सायकल. मंजुळा तेव्हा अठ्ठावीस वर्षांची, महाडच्या शाळेत चौथीला शिकवणारी. लहानपणीच पोलिओने दोन्ही पाय नेलेले. सायकल आल्यापासून तिला कुणी उचलून शाळेत न्यायची गरज उरली नाही. त्याचं तिला इतकं अप्रूप वाटलं, की पहिले दोन महिने ती रविवारीसुद्धा उगाच शाळेपर्यंत एक चक्कर मारून यायची. एकच अडचण होती. शाळेअलीकडचा चढ चढून वर्गात पोचलं, की दंड भरून आलेले असायचे आणि फळ्यावर लिहिताना खडू थरथरायचा.

तिचा थोरला भाऊ दत्ताराम याचं गोवा रस्त्यावर बॅटरीचं दुकान होतं. ट्रक-जीपच्या बॅटऱ्या चार्ज करायच्या, मेलेल्या बॅटऱ्या उघडून त्यातल्या धड प्लेटा बाजूला काढायच्या, हा त्याचा धंदा. त्याच्याकडे ॲसिडची भोकं न पडलेली एकही पँट नव्हती. बहिणीचा थरथरता हात बघून तो एकदा म्हणाला, "मंजे, तुझ्या सायकलीला मोटार लावली तर गो?"

त्याने आधी लावला एका भंगार ट्रकचा स्टार्टर. चवदार तळ्याच्या बाजूच्या रस्त्यावर पहिली चाचणी झाली. बटण दाबताच सायकल बैल उधळावा तशी सुटली. मंजुळा हँडलला चिकटून ओरडत होती आणि आई, काशीबाई, पदर खोचून मागून धावत होती.

"थांबव गो! हाडं मोडून घेशील!"

थांबवायची वेळच आली नाही. पाच मिनिटांत बॅटरी उताणी पडली, वायरी हात लावता येणार नाही इतक्या तापल्या, आणि सायकल तळ्याच्या कोपऱ्यावर आपसूक उभी राहिली. काशीबाई धापा टाकत आली. पाहते तर मंजुळा डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसत होती.

"दादा," ती म्हणाली, "जोर नको, भूक कमी असणारं काहीतरी बघ."

ते काहीतरी शेवटी तिलाच सापडलं. दुकानात बसली असताना एका मिस्त्रीने जीपचा जुना डायनॅमो आणला. डायनॅमोचं काम इंजिनावर फिरून बॅटरी भरण्याचं. पण तो धड आहे का हे बघायला दत्तारामने उलट बॅटरीचाच करंट त्याला दिला, आणि डायनॅमो मोटारीसारखा गरगर फिरू लागला. मंजुळा पुढे झुकली.

"किती करंट खातो हा?"

"मोकळा फिरताना? चार-पाच अँपिअर."

"आणि स्टार्टर?"

"दीडशे-दोनशे."

दोघांच्याही डोक्यात एकच गोष्ट आली. मिस्त्री मात्र आपला डायनॅमो उचलून निघून गेला. तसा दुसरा मिळायला तीन आठवडे लागले.

डायनॅमो मागच्या आसाला चेनने जोडला. बसायच्या फळीखाली बॅटरी बसवली, तीन मेलेल्यांच्या चांगल्या प्लेटा एकत्र करून दत्तारामने बांधलेली. हँडलजवळ ट्रकच्या डॅशबोर्डवरचा अँपिअर मीटर बसवला. त्याचा काटा मध्ये शून्यावर असायचा. डावीकडे झुकला की बॅटरी रिकामी होते आहे, उजवीकडे झुकला की भरते आहे. गाडी चालायची ती भराभर चालणाऱ्या माणसाच्या दुप्पट वेगाने, त्याहून जास्त नाही. पण चालायची!

त्या काट्याने मंजुळाला वेड लावलं. तिने शंभर पानी वही केली. चाकात हवा कमी असली तर काटा चौदावर, चाकं टणक असली तर अकरावर. उभ्या गाडीला नुसत्या मोटारीने ओढलं की काटा तिसाच्या पार, पण सुरुवातीचं दहा-बारा हात अंतर मुठी फिरवून गाडी आधी हलवली आणि मग बटण दाबलं, तर विसाच्या आत. बेअरिंगला ग्रीस भरल्यावर आणखी एक अँपिअर वाचला. तिने मागची लोखंडी पेटी काढून टाकली, मडगार्डं काढून टाकली. एक दिवस शाळेकडून घरी उतारावर येताना काटा शून्य ओलांडून उजवीकडे गेला, तेव्हा तिने रस्त्यातच गाडी थांबवली आणि मग तडक दुकान गाठलं.

"दादा, उतारावर बॅटरी भरतेय!"

"भरणारच," दत्ताराम म्हणाला. "डायनॅमोच तो. चाकाने त्याला पळवलं, की जुना धंदा आठवतो त्याला."

फेब्रुवारीत पोलादपूरहून शकूचं पत्र आलं. शकू म्हणजे डीएडची मैत्रीण. दोघी दोन वर्षं एका खोलीत राहिलेल्या. लग्नानंतर सात वर्षांनी तिला मुलगी झाली होती. बारसं रविवारी दुपारी, आणि पत्राच्या शेवटी दोन रेघा ओढून लिहिलं होतं, 'तू आल्याशिवाय नाव ठेवणार नाही.'

"मी गाडीने जाते," मंजुळा म्हणाली.

"एसटीने," काशीबाई म्हणाली.

"एसटीत मला कंडक्टर नि ड्रायव्हर मिळून उचलतात, आई. सगळी गाडी बघत असते."

पोलादपूर अठरा-एकोणीस किलोमीटर. मंजुळाच्या वहीप्रमाणे बॅटरी सपाटीवर वीस किलोमीटर जायची. चढाचं वहीत फारसं काही नव्हतं. दत्तारामने आदल्या दिवशी बॅटरी पाच अँपिअरवर सावकाश भरली. घाईने भरलेली बॅटरी घाईने संपते, हे तो गिऱ्हाइकांना सांगून थकला होता. तो स्वतः सायकलवर सोबत निघणार होता. पण रविवारी सकाळी कुणाचा तरी लग्नाच्या वऱ्हाडाचा टेम्पो दारात येऊन बंद पडला, आणि नवरामुलगाच हात जोडून उभा राहिला.

"जा तू," दत्ताराम बहिणीला म्हणाला. "मी मागाहून एसटीने येतो. वाटेत दिसलीस तर उतरतो." काशीबाई झबली-टोपडी आणि चांदीचे वाळे घेऊन पहिल्या गाडीने आधीच पुढे गेली होती, म्हणून हे जमलं.

थंडी अजून हवेत होती. राजेवाडीपर्यंत मंजुळा गाणं गुणगुणत गेली. सावित्री नदी कधी जवळ यायची, कधी शेतांपलीकडे लपायची. समोरून येणारे ट्रक हॉर्न वाजवायचे, आणि दोन ड्रायव्हर तर खिडकीतून मान काढून मागे वळून बघत राहिले. मागे कुणी ढकलणारं नाही आणि पुढे मात्र रस्ता सरकतो आहे, हेच तिला पुन्हा पुन्हा नवीन वाटत होतं. काटा अकरावर होता. उताराला तो उजवीकडे जायचा तेव्हा ती मुद्दाम मोठ्याने म्हणायची, "ये, भर!"

मग चढ लागायला लागले. एकही मोठा नव्हता, पण एकामागून एक. काटा पंचविसाच्या खाली येईना. तिने मुठींनी हातभार लावला, दोनदा झाडाखाली थांबून बॅटरीला विसावा दिला. विसाव्यानंतर ती थोडी ताजी व्हायची आणि लगेच पुन्हा दमायची. चौदाव्या किलोमीटरच्या दगडापुढे डायनॅमोचा आवाज खाली खाली येत गेला आणि बंद पडला. अजून पाचेक किलोमीटर राहिले होते. साडेदहा वाजले होते.

मंजुळाने बटण पुन्हा दाबून पाहिलं. एसटी येईल, दादा उतरेल, मग दोघं उचलून... तिला ते चित्र बघवेना. तेवढ्यात तिच्या कानावर आवाज पडला. टुक्, टुक्, टुक्, टुक्. रस्त्यापासून पन्नास पावलांवर, आंब्याच्या झाडाआड, एक पत्र्याची शेड होती आणि तिच्या नळकांड्यातून धुराची वलयं निघत होती. भाताची गिरण. डिझेलच्या इंजिनावरची.

तिने मुठी धरल्या आणि दंड ताणून गाडी शेडच्या दारात नेली.

गिरणवाला कोंडाजी पन्नाशीचा, भुवयांपर्यंत कोंड्याने पांढरा झालेला. सहा-सात बायामाणसं पाट्या घेऊन बसली होती. सगळ्यांच्या माना वळल्या.

"दादा," मंजुळा म्हणाली, "तुमचं इंजिन तासभर मला हवंय. पण तुमचं काम बंद न करता."

कोंडाजीने कानाला हात लावला. तिने पुन्हा ओरडून सांगितलं. मग फळी उचलून बॅटरी दाखवली, डायनॅमो दाखवला. हा आत्ता मोटार आहे. पण याला बाहेरून कुणी फिरवलं, की हाच बॅटरी भरतो. उतारावर चाक फिरवतं, तसं इथे तुमचं इंजिन फिरवेल.

"आयला," कोंडाजी म्हणाला, आणि गाडीभोवती एक प्रदक्षिणा घातली. "जीपीत असतो तोच की हा! पट्टा घालायचा म्हन."

"जुना पट्टा आहे?"

"हाय ना. उंदरांनी खाल्लेला हाय थोडा, पन चालंल."

रांगेतल्या एका म्हातारीने विचारलं, "कुठली गो तू? कुनाची?"

"महाडची. हाटे. बॅटरीवाल्या दत्तारामची बहीण."

आडनाव ऐकून म्हातारी क्षणभर गप्प झाली. जात कळल्यावरची ती चुप्पी मंजुळाला ओळखीची होती. शाळेत, एसटीत, नव्या घरी, सगळीकडे भेटलेली. कोंडाजीची बायको, रंगूबाई, तोवर घरातून बाहेर आली होती. तिने गाडीकडे पाहिलं, मंजुळाच्या भिजलेल्या कपाळाकडे पाहिलं, आत जाऊन पाण्याचा तांब्या आणून तिच्या हातात दिला आणि म्हणाली, "भाकर कुठली घेशील? तांदळाची हाय, नाचनीची पन हाय."

"नाचणीची," मंजुळा म्हणाली, आणि तांब्या अर्धा रिकामा केला.

कोंडाजीने घटकाभर इंजिन बंद केलं आणि डायनॅमोवरची चेन उतरवली. जुना पट्टा कापून, पिना मारून, इंजिनाच्या लहान चाकावरून डायनॅमोच्या पुलीवर घातला. कोंडाजी दांडा फिरवून इंजिन सुरू करणार, तोच मंजुळा ओरडली, "थांबा! हे इंजिन कुठल्या बाजूने फिरतं?"

त्याने बोटाने हवेत गोल काढून दाखवला. तिने आपल्या चाकाचा गोल काढला. दोन्ही गोल उलटे निघाले.

"असंच घातलं तर डायनॅमो उलटा फिरेल. बॅटरी भरायची सोडून वायरी जळतील."

कोंडाजी हसला. "त्यात काय! पट्ट्याला पीळ देतो." त्याने पट्टा इंग्रजी आठासारखा मुरडून घातला. "आता चालू करू?"

इंजिन गरजलं. पट्टा सळसळला, डायनॅमोने सूर धरला, आणि काटा थरथरून शून्य ओलांडत उजवीकडे सरकला. पाच. दहा. पंधरा.

"भरतेय!" मंजुळा टाळ्या पिटत म्हणाली. सगळी रांग उठून मीटरभोवती जमली. नळीच्या तोंडाशी लावलेली पाटी तांदळाने भरून सांडायला लागली, तेव्हा कुठे कोंडाजी भानावर आला. मघाची म्हातारी काट्याला डोळा लावून बसली आणि कुणी मध्ये आलं की त्याला हाताने बाजूला सारू लागली. "सोळा झाला!" ती ओरडली. तिला आकडे वाचता येत नव्हते, हे मंजुळाला नंतर कळलं. शेजारचा माणूस तिच्या कानात सांगत होता.

मंजुळाने भाकरी आणि सुक्या जवळ्याची चटणी खाल्ली. तासाचा दीड तास झाला, मग पट्टा काढून चेन पुन्हा चढवली. निघताना कोंडाजीने गाडीला दहा-बारा पावलं धक्का दिला आणि विचारलं, "बरोबर ना? आधी हलवायची, मग बटन?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"इंजान असंच चालू करतो मी. आधी दांडा, मग डिझेल."

पोलादपूरला ती पोचली तेव्हा एक वाजायला आला होता. शकूच्या दारात काशीबाई रस्त्याकडे डोळे लावून उभी होती. लेक दिसताच तिने आधी शिव्या घातल्या, मग कवटाळलं, मग पुन्हा शिव्या घातल्या. दत्ताराम मंजुळाच्या आधीच येऊन पोचला होता. एसटीच्या खिडकीतून तो रस्ताभर गाडी शोधत होता, आणि ती रस्त्यावर नव्हतीच. त्याचा चेहरा अजून पांढराफटक होता.

"होतीस कुठे गो?"

"गिरणीत," मंजुळा म्हणाली. "बॅटरी दळून घेत होते."

शकू पाळण्याजवळून उठून आली. बाळ तिने थेट मंजुळाच्या मांडीवर ठेवलं. त्रिशरण-पंचशील झालं, वाळे चढवले, आणि नाव कानात सांगायचा मान शकूने मंजुळालाच दिला. बाळाचं नाव ठेवलं आवडी. बाळाने त्याच वेळी शिंक दिली, आणि सगळा मांडव हसला.

जेवणं उरकल्यावर दत्ताराम हायड्रोमीटरची काचेची नळी घेऊन बॅटरीच्या एकेका सेलमधलं ॲसिड तपासत गाडीशी बसला होता. तिथे शकूच्या शेजारचा महादू शिंपी कुबड्या टेकत आला. त्याचा एक पाय गुडघ्यापासून नव्हता. दिवसभर तो मशीन हाताने चालवायचा आणि पाच वर्षांत गावाच्या वेशीपलीकडे गेला नव्हता. त्याने मीटरवरून बोट फिरवलं.

"ही अशी दुसरी होईल का?"

दत्ताराम उत्तर द्यायच्या आधी मंजुळाने पिशवीतून वही काढली, कोरं पान उघडलं आणि पेन्सिलीला टोक केलं.

"बसायला पाटाएवढी फळी लागेल, असं धरून चला," ती म्हणाली. "आधी सांगा, तुमचं वजन किती? आणि रोज जायचंय कुठवर?"

महादूने कुबड्या गाडीला टेकवल्या. कुठवर जायचं, हे त्याला इतक्या वर्षांत कुणी विचारलंच नव्हतं.

"नदीवर," तो शेवटी म्हणाला. मग थोडा थांबून, "आणि बाजारात. आणि महाडला एकदा."

मंजुळाने तिन्ही ठिकाणं एकाखाली एक लिहून घेतली.