पुसलेली काच

मी कामात चोख आहे. ही बढाई नाही. पुढचा सगळा सत्यानाश त्या चोखपणानेच केला.

बंदराच्या हवामान कचेरीत मी यंत्रं तपासते. त्यातलं मुख्य यंत्र धक्क्याच्या टोकाला, एका खांबावर आहे. एका पायावर उभं आणि मान पुढे काढलेलं, म्हणून सगळे त्याला बगळा म्हणतात. त्याच्या एका भिंगातून उजेड बाहेर पडतो आणि समोरचं दुसरं भिंग धुक्याच्या थेंबांवरून विखुरलेला उजेड टिपतं. उजेड जास्त आला की धुकं दाट, म्हणजे दिसण्याचं अंतर कमी. हे अंतर तीनशे मीटरच्या खाली गेलं की पलीकडच्या काठाची फेरीबोट थांबवायची, असा नियम आहे.

बगळा यायच्या आधी हे काम आई करायची. बावीस वर्षं. दर तासाला कचेरीच्या गच्चीवर जायची आणि बघायची. गोदामाचा पांढरा दरवाजा दोनशे मीटरवर, पाण्यात तरंगणारा लाल बोया साडेतीनशेवर, पाण्याची टाकी नऊशेवर. काय दिसतं, काय पुसट, काय गायब, यावरून ती आकडा लिहायची. तिची नजर म्हणजे काय सांगू! बोटीवरच्या खलाशाने दाढी केलीय की नाही, हे ती गच्चीवरून सांगायची. घरी मला सुई ओवता आली नाही की म्हणायची, "डोळे फुटले का गं तुझे? आण इकडे." धुक्यात तिने फेरी थांबवली की खोळंबलेले लोक खालून ओरडायचे, "धुकेबाई, सोडा की आता!" बाई ढिम्म हलायची नाही.

नऊ वर्षांपूर्वी बगळा आला आणि त्याच्या देखभालीला मी लागले. आईला माझा कोण अभिमान! पहिल्या दिवशी तिने जुन्या सुती चादरीचा मऊ तुकडा फाडून माझ्या हातात दिला. म्हणाली, "कामाची वस्तू पुसल्याशिवाय वापरायची नाही."

बगळ्याची तपासणी दर सहा महिन्यांनी, स्वच्छ कोरड्या दिवशी करायची असते. आधी भिंगं साफ करायची, कोळ्याची जाळी काढायची. मग टिपणाऱ्या भिंगावर काळं टोपण लावायचं, की पडद्यावर शून्य यायला हवं. शेवटी पेटीतून एक जाड काच काढून दोन्ही भिंगांच्या मध्ये अडकवायची. ही काच म्हणजे कारखान्यात बनवलेलं धुकं. ती किती उजेड विखुरते तो आकडा पेटीवर छापलेला असतो. पडद्यावर तोच आला तर उत्तम, नाहीतर यंत्र कमी-जास्त करून त्या आकड्यावर आणायचं.

ती काच मी दर वेळी आधी पुसायची. कोरडीच, चांगली रगडून, आईच्या चादरीच्या तुकड्याने. पेटीच्या झाकणाच्या आत बारीक अक्षरात लिहिलंय की काचेला कापड लावू नये, नुसती हवा मारावी. मी ते वाचलं होतं. वाटलं, हे धसमुसळ्या लोकांसाठी असेल.

दर तपासणीला बगळा थोडा चढा निघायचा, छापील आकड्यापेक्षा जास्त दाखवायचा. मी त्याला खाली आणायची आणि वहीत सुवाच्य अक्षरात तशी नोंद करायची. नेहमी चढाच, कधीच उतरलेला नाही. एखाद्या मूर्खालाही शंका आली असती. मला आली नाही, कारण माझ्यापुढे छापील आकडा होता.

मग आईचं आणि बगळ्याचं बिनसायला लागलं. यंत्राची खात्री पटेपर्यंत दोघांचे आकडे शेजारीशेजारी लिहायचे असं ठरलं होतं. पहिलं वर्ष दोघांचं अगदी गूळपीठ. तिसऱ्या वर्षी आई दोनशे म्हणायची तेव्हा बगळा अडीचशे म्हणायला लागला, आणि चौथ्या वर्षी जवळजवळ तीनशे. कधी त्याच्याही पुढे. आई म्हणे फेरी थांबवा, बगळा म्हणे सोडा. लोकांनी तक्रारी केल्या. साहेबांनी आम्हा दोघींना बोलावून मला विचारलं, "यंत्र नीट तपासलंय ना?"

"अगदी काटेकोर," मी म्हणाले. "कालच."

आई शेजारी उभी होती. तिने हातातली वही मिटली.

ती डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊन आली. डॉक्टर म्हणाले, वयाच्या मानाने छान आहेत. साहेब म्हणाले, वय झालंच ना शेवटी. तिला तळमजल्यावर जुन्या वह्यांच्या खोलीत बसवलं. त्या खोलीला खिडकीसुद्धा नव्हती. वर्षभरात तिने मुदतीआधीच नोकरी सोडली. घरी बाबांनी तिच्या स्कूटरची किल्ली काढून घेतली, "उगाच कुठेतरी धडकशील" म्हणून. मीही मान डोलावली. मग तिने सुई सोडली, वाचणं सोडलं, रस्ता ओलांडताना माझा दंड धरायला लागली. कपडे काढून ठेवताना विचारायची, "हा निळाच आहे ना गं?" निळाच असायचा. दर वेळी.

गेल्या महिन्यात दुसऱ्या धक्क्यासाठी नवीन यंत्र आलं आणि त्याच्यासोबत नवी काच. सहज म्हणून ती बगळ्याला लावून पाहिली. पेटीवर बावीस छापलेलं, पडद्यावर जेमतेम दहा. जुनी लावली, तर बरोबर तिच्या छापील आकड्यावर. पुन्हा नवी, पुन्हा दहा. मी दोन्ही काचा उन्हात धरल्या. नवी सगळीकडे सारखी होती. जुन्या काचेवर केसासारखे बारीक ओरखडे होते, गोल गोल, माझ्या हाताच्या वळणाचे. त्या ओरखड्यांमुळे ती जास्त उजेड विखुरत होती, आणि तो दोष काचेचा न धरता मी दर वेळी बगळ्याचा धरला होता. त्याला इतका खाली दाबला की दोनशे मीटरचं धुकं त्याला चारशेच्याही पुढचं वाटायला लागलं.

खांबाला टेकून मी तिथेच खाली बसले.

मग वह्यांच्या खोलीत गेले आणि आईची शेवटची वही काढली. तोवर मी बगळ्याला जेवढं दाबलं होतं तेवढं भरून काढत त्याचा एकेक आकडा नव्याने मांडला. तीन तास लागले. आईच्या आणि त्याच्या आकड्यांत एकाही ओळीत वीस मीटरपेक्षा जास्त फरक नव्हता. आई शेवटच्या दिवसापर्यंत बरोबर होती.

"आजपासून बरोबर लिही म्हणजे झालं," सगळं ऐकून साहेब म्हणाले. "नऊ वर्षांत बोट कुठे आपटली का? नाही ना? मग कशाला उकरून काढतेस?"

"आईचं नाव खराब झालंय, साहेब."

"काच कोणी पुसली, तेही लिहावं लागेल. कोणाचं नाव घालणार आहेस?"

"माझंच. दुसरं कोण पुसणार?"

झालेली चूक लिहून आणलेला कागद मी पुढे सरकवला. काच दर दोन वर्षांनी कारखान्यात तपासायला पाठवायची असते आणि साहेबांनी ती एकदाही पाठवली नव्हती, हेही मी त्यात लिहिलं होतं. तेवढी ओळ त्यांनी खोडली आणि सही केली.

कागद घेऊन मी धावतच घरी गेले. मला काय वाटलं होतं? आई शिव्या घालेल, रडेल, माझ्या थोबाडीत देईल आणि मग स्कूटरची किल्ली मागेल. ती थोबाडीत मला हवीच होती.

तिने कागद हातात घेतला आणि न बघताच बाबांकडे दिला. "वाचा हो, काय लिहिलंय ते."

बाबांनी वाचायला घेतलं. शेवटपर्यंत वाचून ते उठले, कपाटातून किल्ली काढली आणि तिच्यापुढे ठेवली. तिच्याकडे बघायची त्यांची हिंमत झाली नाही.

आई मात्र हसली आणि मलाच समजावायला लागली. "मशीन चुकेल कसं? दर सहा महिन्यांनी तू तपासत होतीस ना? तू काम कच्चं सोडणार नाहीस. मी ओळखते ना तुला."

"अगं, मीच चुकले! तुझे डोळे बरोबर होते!"

"असू दे. माझ्यासाठी स्वतःवर बालंट घेऊ नकोस." किल्ली तिने पुन्हा कपाटात ठेवायला लावली.

चार दिवसांनी सकाळी धुकं पडलं. मी आईला जवळजवळ ओढतच कचेरीच्या गच्चीवर नेलं. पायऱ्या चढताना तिने कठडा सोडला नाही, पण वर आल्यावर तिचे पाय आपसूक जुन्या कोपऱ्यात जाऊन थांबले. खाली लोक फेरीसाठी ताटकळत होते. नव्या काचेने ठाकठीक केलेल्या बगळ्याचा आकडा मी आधीच पाहून आले होते, दोनशे दहा. समोर गोदामाचा पांढरा दरवाजा पुसट दिसत होता. त्याच्यापुढे काहीच नव्हतं.

"आई, किती?"

तिची मान वळली. नजर दरवाज्यावर जाऊन थांबली, डोळे किंचित बारीक झाले. हे मी लहानपणापासून पाहत आले आहे. आकडा तिच्या ओठांवर आला होता.

"दोन..." म्हणाली आणि थांबली. मग माझ्याकडे वळली. "तुझा बगळा काय म्हणतोय?"

मला संताप आला. तिचा, साहेबांचा, सगळ्यात जास्त माझा. त्या संतापात मी खोटं बोलले. इतकं धडधडीत खोटं ती खपवून घेणार नाही, असं मला वाटलं. निदान एकदा तरी म्हणेल, डोळे फुटले का गं तुझे?

"पाचशे," मी म्हणाले. "तो बघ, लाल बोया स्वच्छ दिसतोय."

बोयाच्या जागी नुसतं पांढरं होतं. आई तिकडे बघत राहिली. बराच वेळ.

"हो," ती म्हणाली. "दिसतोय की."

आणि खाली उतरण्यासाठी माझा दंड चाचपू लागली.