डेल्मरची चड्डी

उडती तबकडी पडली म्हणून अमेरिकेत गाजलेल्या आमच्या रॉझवेल गावात रस्त्यावरच्या दिव्यांनासुद्धा परग्रहावरच्या पाहुण्यांचे डोळे रंगवलेत, त्यामुळे मी थाप मारली याचं इथे कुणाला नवल वाटलं नाही. राग आला तो एकट्या डेल्मरला, माझ्या थोरल्या भावाला.

सत्तेचाळीस साली आमचे वडील एका रँचवर गुरं राखायचे. तिथल्या कुरणात आम्हा दोघांना चमकता कागद, रबराच्या चिंध्या आणि थोड्या काड्या सापडल्या. बस्स. पण एवढ्यासाठी टीव्हीवाले दोनशे मैल तुडवत येत नाहीत. नवरा गेला त्या जुलैत ते पहिल्यांदा माझ्या घरी आले. मी हिरव्या मिरचीचा रस्सा वाढला. टीव्हीची ती पोरं उठायला लागली की मी गोष्टीला शेपूट जोडायची. आधी तबकडी, मग बटबटीत डोळ्यांचे दोन बुटके, आणि शेवटी, "आमच्या डेल्मरची तर चड्डीच ओली झाली." पोरं खो खो हसली आणि आणखी तासभर बसली. खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटलं.

कार्यक्रम देशभर गाजला. न्हाव्याच्या दुकानात लोक डेल्मरला कोरड्या चड्ड्या भेट देऊ लागले. तो चाळीस मैलांवर आर्टेशियाला राहायला गेला आणि अकरा वर्षं माझ्याशी बोलला नाही.

यंदा तेच टीव्हीवाले पुन्हा आले. मी बसायच्या आधीच सांगून टाकलं, "बुटके-बिटके काही नव्हते. उलट मीच घाबरले होते. डेल्मरने मला पाठुंगळी घेऊन घरी आणलं."

"पण मॅडम, तेव्हा तर तुम्ही..."

"तेव्हा थापा मारल्या. आता खरं सांगते. लाव कॅमेरा."

त्यांनी सगळं टिपलं. रश्शाला कुणी हात लावला नाही.

मी डेल्मरला फोन केला. त्याने उचलला.

"शुक्रवारी सातला टीव्ही लाव," मी म्हणाले. "खरं सांगितलंय. पाठुंगळीचंसुद्धा."

तो म्हणाला, "तेव्हाही जडच होतीस तू, वेल्मा."

"जेवायला येतोस?"

"आधी बघू तर दे. मग रविवारी येतो."

शुक्रवारी टीव्हीवर मी दिसले, पण अकरा वर्षांपूर्वीची, काळ्या केसांची. तबकडी आली, बुटके आले. "आमच्या डेल्मरची तर चड्डीच ओली झाली," मी म्हणाले आणि हसले. नव्यातलं एक अक्षर दाखवलं नाही. जुनं चित्रण त्यांचंच होतं, आणि ते हवं तेव्हा दाखवायच्या परवानगीच्या कागदावर त्या वेळी रस्सा वाढता वाढता मीच सही केली होती.

मी लगेच फोन लावला. तो वाजत राहिला.

तरी रविवारी मी दोघांपुरता रस्सा केला. तो मला बुधवारपर्यंत पुरला.