हनुवटीची खूण

आमचे भाऊजी मुलांसाठी लिहितात. जादूची राज्यं, उडते घोडे आणि त्या सगळ्यांचे हक्क. त्यातही बोलण्याचा हक्क म्हणजे त्यांचा जीव की प्राण. म्हणून ते लिहायला बसले की घरात कुणी ब्र काढायचा नाही. ताईने खुर्च्यांच्या पायांना जुने मोजे चढवलेत. मिक्सर लागतो तो भाऊजी फिरायला गेल्यावर.

मी त्यांच्याकडे राहायला आले तेव्हा मायलेकी जेवताना हातवारे करत होत्या. चिमूट चोळली की मीठ, ओंजळ धरली की पाणी. आणि हनुवटीखालची नसलेली दाढी ओढली की, "आले, गप्प!" भाऊजींना बोकडदाढी आहे. मोठ्या कौतुकाने कुरवाळत असतात.

भाचीला शाळेच्या गायनवृंदात जायचं होतं. आवाज गोड, पण सराव करणार कुठे?

"पुस्तक संपू दे, बाळा," भाऊजी म्हणाले. "कलेला त्याग लागतो." कुणाचा, ते काही बोलले नाहीत.

पुस्तक आलं. त्यात दुष्ट राजाने मुके करून ठेवलेले बुटके हातांच्या गुप्त भाषेत बोलतात. मीठ तेच, पाणी तेच. दाढी ओढणं म्हणजे मात्र 'आम्ही मुक्त आहोत'. माणूस जेवताना सगळं टिपत होता, फक्त स्वतःची दाढी तेवढी ओळखली नाही!

गायनवृंदाच्या निवडीच्या आदल्या दिवशी शाळेत प्रकाशन झालं. सूत्रसंचालन गाण्याच्या बाईंकडे होतं.

"या खुणा सुचल्या कशा?"

"स्वप्नात," भाऊजी म्हणाले. धडधडीत खोटं. वर लेकीला मंचावर बोलावून ती खूण करायला लावली. सभागृहभर पोरं नसलेल्या दाढ्या ओढू लागली.

"आणि याचा अर्थ काय गं?" बाईंनी विचारलं.

तिने बापाकडे पाहिलं. भाऊजी उदारपणे म्हणाले, "बोल, मोठ्याने बोल. तुझा हक्कच आहे तो."

"बाबा आले, गप्प बसा," ती माइकमध्ये म्हणाली.

पोरांनी भाऊजींची दाढी पाहिली आणि हसून हसून लोळली. भाऊजीही हसले, जरा उशिराने. "कल्पक आहे कार्टी!"

"आवाज किती छान आहे तुझा! उद्या निवडीला ये," बाई म्हणाल्या.

संध्याकाळी ती दार सताड उघडं टाकून गात बसली. भाऊजी त्यांच्या खोलीच्या दारात आले, तोंड उघडलं. ताईने त्यांच्या डोळ्यांत बघत हनुवटीखालची नसलेली दाढी ओढली.

भाऊजी मागे फिरले आणि त्यांनी दार लावून घेतलं. अगदी हळू, आवाज न करता.