कटिंग टेबलावर परत

बोटाचं टोक गमावल्यावर तीन महिन्यांनी मावशी कापड कापायच्या मशीनपाशी परतली, तर सुपरवायझर तिला बटणांच्या टेबलाकडे धाडायला निघाला.

“भीती गेली की या इकडे.”

“मग जन्मभर बटणंच लावीन की मी. ती कुठली जातेय! समुपदेशक बाई म्हणाल्या, तिला हाकलत बसू नका, तिच्यासकट काम करा.”

बाई दर मंगळवारी कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये यायच्या. त्यांनी शिकवल्याप्रमाणे मावशी सावकाश पुटपुटली, “तळवे ओले झालेत. छाती धडधडतेय. समोर निळं कापड आहे, त्यावर खडूची रेघ आहे.”

“हात थरथरतोय तुमचा, मावशी.”

“दिसतंय मला. म्हणून तर घालतेय,” म्हणत तिने जाळीचा लोखंडी हातमोजा चढवला आणि मशीन सुरू केलं. छाती धडधडतच राहिली, आणि पातं चाळीस थरांतून रेघेवरून पुढे सरकत गेलं.