जाड तार घालायची

अरे, ऐक की जरा! थांब, पळू नको. आत्ता, ह्याच टेबलावर जे झालं, ते कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला चैन पडायची न्हाय.

मी पर्याय क बोलतोय. दचकलास? परीक्षेत प्रश्नाखाली अ, ब, क, ड अशा ओळी असतात ना, त्यातली तिसरी ओळ. आणि आधीच सांगून टाकतो, मी चुकीचा पर्याय हाय. नंतर बिघडलो असं न्हाय, मला चुकीचा म्हणूनच घडवलंय. माझ्या अंगावर एवढंच लिहिलंय: 'त्यात जाड तार घालायची.'

राहायला बेळगावात, निशांत सरांच्या लॅपटॉपमध्ये. सर इथल्या एका खाजगी संस्थेत पोरांना इलेक्ट्रिकचं काम शिकवतात. आधी पेपर हातानं काढायचे, झेरॉक्स मारायचे. यंदा संस्थेनं प्रश्नपत्रिका बनवायचं सॉफ्टवेअर घेतलं आणि सरांना सांगितलं, "आता बेळगाव, निपाणी, चिकोडी, तिन्हीकडं एकच पेपर, एकाच वेळी. निकाल त्याच दिवशी."

माझा जन्म बेळगावातल्याच शहापुरातला, सरांच्या घरचा. रविवार होता. गल्लीत यंत्रमागांची खटखट चाललेली. सर खिडकीत बसून प्रश्न घालत होते: 'मागाच्या शेडमधला फ्यूज वारंवार उडतो. तुम्ही काय कराल?'

आता सॉफ्टवेअर विचारतं, प्रश्न कुठल्या प्रकारचा हवा? सरांनी पहिलं 'खरे-खोटे' करून बघितलं. स्वतःच म्हणाले, "ह्यात निम्मी पोरं डोळे झाकून पास होतील." मग 'जोड्या लावा' केलं. पडद्यावर इकडून तिकडं रेघा, नुसतं कोळ्याचं जाळं. मग 'लिहून उत्तर' वर त्यांचा बाण लई वेळ थांबला. मोठी पांढरी चौकट, पोरानं मनातलं लिहायचं. पण ते मशीनला तपासता येत न्हाय, सरांनीच वाचायचं. तिन्ही गावचं एका दिवसात? सरांनी उसासा टाकून बाण वर नेला आणि 'चार पर्याय' दाबलं.

अ लिहिला. ब लिहिला, बरोबरवाला: 'लोड आणि वायरिंग तपासून योग्य तार घालायची.' ड पण सुचला, 'फ्यूज काढून थेट जोडायचं.' तिसऱ्याला मात्र गाडी अडली. खाली बारीक अक्षरात सूचना होती, चुकीचा पर्याय खरा वाटेल असा असावा.

तेवढ्यात पंखा थांबला. आतनं आईंची हाक आली, "निशांता, गेला बघ परत फ्यूज! मागल्या वेळी घातलेलीस तसली जाड तार घाल की रं. सारखं सारखं कोण उठतंय!"

सर उठले. बाहेर पांढरा चिनीमातीचा फ्यूज काढल्याचा, परत बसवल्याचा आवाज आला. पंखा फिरला. सर येऊन बसले, थोडा वेळ पडद्याकडं बघत राहिले, आणि मला लिहिलं.

तसा मी जन्मलो.

मग सरांनी माझ्या प्रश्नापुढं एक खूण केली. 'सुरक्षेचा प्रश्न. चुकल्यास पेपर नापास.' ते बरोबरच हाय, दोस्ता. फ्यूजची तार मुद्दाम पातळ असते. जास्त करंट आला की ती आधी वितळते आणि बाकीचं वाचतं. जाड घातली की ती वितळतच न्हाय, मग वितळतं दुसरंच काहीतरी. मी दिसायला साधा हाय, पण माणसं जाळणारा हाय. हे माझं मलाच कळत होतं, आणि तरी तिसऱ्या ओळीत गप उभं राहायचं, एवढंच माझं काम.

परवा परीक्षा झाली.

तुला सांगतो, चुकीच्या पर्यायाला माणूस जेवढा कळतो तेवढा बरोबरच्याला कळत न्हाय. बरोबरवाल्याकडं सगळे नीट तोंड करून येतात. माझ्याकडं येतात ते खऱ्या तोंडानं. त्या दिवशी निपाणीचं एक पोरगं मला वाचून फसकन हसलं. चिकोडीतली एक मुलगी शेजारणीला कुजबुजली, "ह्यो तर आमच्या घरचाच हाय गं!" जवळजवळ सगळ्यांनी मला ओळखलं. ओळखलं, हसले, आणि ब दाबून पुढं गेले. घरी मला खुशाल ठेवून घेतात, आणि परीक्षेत ओळख द्यायला तयार न्हाईत. वाईट वाटलं, पण म्हटलं चला, ठीक हाय, कुणाचं नुकसान तर न्हाय झालं.

मग रूपाली आली.

रूपाली शहापूरचीच. घरचे माग हायत. वर्गात सगळ्यांत हुशार, सर स्वतः म्हणायचे, हिच्या हातात टेस्टर बोलतो. पहिल्या येणाऱ्याला मोठ्या कारखान्यात अप्रेंटिसची जागा होती, आणि ती हिचीच, हे सगळं गाव धरून चाललेलं. बाकीचा पेपर तिनं भराभरा सोडवला. माझ्या प्रश्नाला आली आणि थांबली. बाण ब वर गेला. तिथं राहिला. मग हळूहळू खाली सरकला, माझ्यावर आला, आणि तिनं मला दाबलं.

मला! आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी मला निवडलं. आनंद व्हायला पाहिजे होता, न्हाय का? पण मला दाबताना ती माझ्याकडं बघतच न्हवती, स्वतःच्या हाताकडं बघत होती. दुसऱ्या क्षणी पडद्यावर लाल अक्षरं. नापास.

आता आज दुपारचं ऐक.

सरांनी तिला स्टाफरूममध्ये बोलावलं. लॅपटॉप उघडा, मी समोरच. दारात तिच्या वर्गातला सौरव टेकून उभा. दुसरा नंबर त्याचा, रूपाली बाद झाली की जागा त्याची.

"चुकून दाबलंस ना?" सर म्हणाले. "फक्त व्हय म्हण. इथं 'पुन्हा संधी' म्हणून बटण हाय. दोन मिनिटांचं काम."

रूपालीनं मान हलवली. "चुकून न्हाय, सर."

दारातनं सौरव बोललाच. "अगं, ब दाबायचा आणि मोकळं व्हायचं की! आमच्या घरी तर तारबिर न्हाय, सरळ सळई घातलीया आमच्या बाबानं. मी दाबला का न्हाय ब?"

"सौरव, तू बाहेर हो," सर म्हणाले. तो हसत हसत गेला.

मग रूपाली बोलायला लागली. आधी टेबलाच्या कडेशी बोलल्यासारखी, हळू.

"मष्णू अण्णा हाय न्हवं सर, आमच्या मागावर काम करतो. खानापूरकडचा. त्याचा हात भाजलाय. पेपरच्या आदल्या दिवशी. मोटर अडकली, वायर पेटली, त्यानं बटण बंद करायला हात घातला. सगळा तळवा गेला, सर. दवाखान्यात हाय."

सरांनी लॅपटॉपवरचा हात काढून घेतला.

"फ्यूज उडायला पाहिजे होता. उडाला न्हाय. कारण त्यात जाड तार होती. मी घातलेली." तिनं बोटं मुठीत मिटली. "आप्पा म्हणाले, उद्या साड्या द्यायच्यात, सारखं काय बंद पडतंय, तुला शिकवूलालोय ते कशाला? घाल जाड. मी म्हटलं, आप्पा, असं घालत न्हाईत. ते म्हणाले, सगळी गल्ली घालतीया, तू काय नवीन शिकून आलीस? मग घातली मी. मष्णू अण्णाच बॅटरी धरून उभा होता. म्हणाला, आमची आक्का इंजिनेर झाली बघा."

दोस्ता, तिथं मला माझ्या अंगावरचे शब्द पुसून टाकावेत असं वाटलं. पण आपल्याला हात कुठं असतात.

"अगं पण," सर शेवटी म्हणाले, "पेपरात काय माहीत हाय तेवढंच विचारलंय की."

"माहीत सगळ्यास्नी हाय, सर. आप्पास्नी बी माहीत हाय." तिनं वर बघितलं. "मी ब वर गेले होते. पण तार अजून आमच्या शेडमध्येच होती. ती तिथं आणि मी इथं ब दाबू? बोटच दाबंना माझं."

सर उठून खिडकीपाशी गेले. त्यांच्या घरचा पंखा त्या वेळी कुठल्या तारेवर फिरत होता, ते मला माहीत होतं आणि त्यांना माहीत होतं. तिला माहीत न्हवतं.

"आणि आता?" त्यांनी पाठमोरंच विचारलं.

"आज सकाळी काढली. बरोबरची घातली. दोनदा उडाला, मग चार माग बंद ठेवले, तवा कुठं टिकला. आप्पा बोलंनात माझ्याशी. आईनं ताट वाढलं पण बोलली न्हाय." तिनं पडद्याकडं बोट केलं. "ब मी आज दाबला, सर. शेडमध्ये."

सर झटकन वळले. डोळ्यांत पाणी आणि तोंडावर हसू, दोन्ही. "बस! झालं मग! तू पास हायस. थांब, पुन्हा संधी देतो."

त्यांनी बटण दाबलं. सॉफ्टवेअरनं विचारलं: कारण निवडा. खाली यादी आली. 'वीज गेली.' 'नेटवर्क गेले.' 'चुकून चुकीचे उत्तर दाबले गेले.' संपलं.

दोघं ती यादी बघत बसले. मी आयुष्यभर चार पर्यायांत राहिलोय, मला पटकन कळलं. ह्या प्रश्नाला बरोबर पर्यायच ठेवला न्हवता कुणी.

"तिसरा दाबू?" सर हळूच म्हणाले.

"ह्यातलं एक बी खरं न्हाय, सर."

"अगं बाई, एवढं खरं बोलून जग चालतंय व्हय? संध्याकाळी यादी जाणार कारखान्याला! तुझी जागा तो सळईवाला नेणार!"

रूपाली ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

मग सरांना दुसरी वाट दिसली. तुला सांगताना अजून अंगावर काटा येतो, कारण ती वाट माझ्यावरनं जात होती. पर्यायच रद्द केला, तर ज्यानं तो दाबला त्याचा प्रश्न निकालातनं बाजूला पडतो. म्हणजे मला पुसलं की रूपाली पास. खोटं कारण न्हाय, काही न्हाय. सरांनी माझ्यावर बाण आणला. पडद्यावर चौकट उघडली: 'पर्याय क कायमचा काढायचा आहे. खात्री आहे का? हो. नाही.'

खरं सांगू? मी मनात 'हो' म्हणत होतो. कसला माझा जीव! चुकीचाच तर हाय. एका पोरीचं आयुष्य उभं राहत असेल तर पुसा की मला.

पण सरांचं बोट दाबेना. आणि मग त्यांनी लॅपटॉपच तिच्याकडं फिरवला. "तूच ठरव," म्हणाले.

मला त्यांचा राग आला. आपल्या बोटाचं ओझं पोरीच्या बोटावर कशाला टाकायचं? शिकवणारा कोण, शिकणारा कोण? पण बहुतेक त्यांना तिच्यासमोर दोन्हीपैकी काहीच दाबायचं तोंड राहिलं न्हवतं.

रूपालीनं मला वाचलं. एकदम सावकाश, जसं कुणी भाजलेल्या हाताकडं बघतं तसं.

"ह्याला पुसला, तर पुढच्या बॅचला अ, ब आणि ड एवढंच दिसणार," ती म्हणाली. "त्यास्नी वाटणार, असं कोण करतच न्हाय. ह्यो खोटा न्हाय, सर. ह्यो चुकीचा हाय. राहू दे."

आणि तिनं 'नाही' दाबलं.

"मी दिवाळीनंतरच्या परीक्षेला परत बसते," म्हणाली, आणि उठली. "आता दवाखान्यात जायचंय. मष्णू अण्णाला जेवण भरवायला कोण न्हाय." दारात सौरव होता. तो काहीतरी बोलणार होता, पण तिचं तोंड बघून बाजूला झाला.

यादी थोड्या वेळापूर्वी गेली. वर सौरवचं नाव हाय. सर अजून बसलेत. त्यांनी माझ्या खाली एक नवा प्रश्न काढलाय, मोठ्या पांढऱ्या चौकटीचा: 'घरी जाऊन फ्यूज उघडा. आत काय दिसले आणि तुम्ही काय केले, ते लिहा.' तिन्ही गावचं सगळं ते स्वतः वाचणार म्हणे. पहिलं उत्तर कुणाचं यायला पाहिजे ते त्यांना कळलं असावं, कारण आत्ताच आईला फोन करून म्हणाले, "आई, मी घरी येऊलालोय. पंखा बंद करून ठेव."

आणि मी हाय तिथंच, तिसऱ्या ओळीत. एका शहाण्या पोरीनं आपली जागा घालवून मला ठेवलंय. त्यानं मी बरोबर झालो न्हाय, पण आता मला नुसतं गप उभं राहवत न्हाय. म्हणून हात जोडून सांगतोय, मला बघून हसलास तर हस, पण हसून झाल्यावर तुझ्या घरचा तो पांढरा फ्यूज एकदा उघड.

आणि एक विचारू? ती चौकट तुझ्यासमोर आली असती, हो आणि नाही, समोर नोकरी, दवाखान्यात मष्णू, आणि बघायला कुणी न्हाय. तू काय दाबलं असतंस रं?